पत्र्याच्या डब्यातला कान

मित्रांनो, जवळ या, पण झाकणाला हात लावू नका. ते मुद्दाम अर्धवट उघडं ठेवलेलं आहे, आणि का ठेवलं आहे तेच मला सांगायचं आहे. दाराजवळच्या फळीवरच्या या पत्र्याच्या डब्यात, कापसाच्या गादीवर, काजूच्या आकाराची एक राखाडी वस्तू पडली आहे ना? तो मी. मी एक जुना कान आहे. दुकानात मला श्रवणयंत्र म्हणत, घरात 'ते कानातलं' म्हणत, आणि ज्यांच्या कानावर मी इतकी वर्षं बसलो ते आजोबा रागावले की मला 'हेर' म्हणत.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. तो माझा दोष नव्हे, तो माझा धंदा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आवाजाला मी दारातच अडवत असे. तू बोलणं आहेस की नुसता गोंगाट? बोलणं असशील तर ये आत, तुला मोठा करतो. गोंगाट असशील तर बाहेरच थांब. पंख्याची घरघर, ताटांचा खणखणाट, खुर्ची सरकल्याचा आवाज, सगळ्यांची मी झडती घेई. मला जिने जोडलं ती बाई डोळ्याला भिंग लावून दिवसभर न बोलता काम करायची. मी ऐकलेला पहिला आवाज म्हणजे तिची शिंक, आणि त्या शिंकेचाही मला संशयच आला होता.

मी काही एकुलता एक नव्हतो. माझी हजारो भावंडं गावोगावच्या कानांवर बसली होती. आमची शिकायची एक रीत होती, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. प्रत्येकाने आपापल्या घरात ऐकायचं आणि तिथेच शिकायचं. घरातलं बोलणं घरातच राहायचं, ते कोणाकडेही पाठवायचं नाही. पाठवायचा तो फक्त शिकलेला धडा, म्हणजे कोणता आवाज कसा ओळखायचा याचे आकडे. हे आकडे बिनतारी वाटेने दूरच्या एका मोठ्या यंत्राकडे जात. त्याला मी मुकादम म्हणतो. मुकादम सगळ्यांचे धडे एकत्र करून त्यांचा एक सामाईक धडा बनवी आणि तो आम्हा सगळ्यांना परत पाठवी. त्यामुळे एकाच्या घरी मिक्सर असला, तरी त्याला ओळखायला हजार जण शिकत.

कागदावर ही रीत मोठी छान दिसते. पण हवेतून जाणारा निरोप वाटेत धडपडतो. कुठे भिंत आडवी येते, कुठे मोटार ठिणग्या उडवते, आणि आकड्यांचे लचके तुटतात. म्हणून मुकादमही संशयी केलेला होता. जो धडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसेल तो बिघडलेला समजायचा आणि टाकून द्यायचा, असा त्याचा नियम होता. नियम वाईट नव्हता. मात्र त्याची एक खोड होती. स्वतःचा धडा आमच्यापर्यंत नीट पोचेपर्यंत तो पुन्हा पुन्हा पाठवी, आणि आमचा मात्र एकदाच ऐकून घेई. असे मुकादम तुम्हीही पाहिले असतील.

आता आजोबांकडे येतो. ते पत्र्याचे कारागीर. ठोकर बसून चेपलेल्या गाड्या त्यांच्या गॅरेजात यायच्या आणि सरळ होऊन जायच्या. खाली गॅरेज, वर घर, आणि दोहोंना जोडणारा बाहेरून एक लोखंडी जिना, तोही त्यांनीच बनवलेला. आयुष्यभर हातोडीच्या आवाजात राहून त्यांचा डावा कान कामातून गेला होता आणि उजवा जाण्याच्या बेतात होता. गॅरेज आता मुलगा सांभाळायचा, तरी आजोबा रोज खाली जाऊन बसत. एकदा मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, थोडक्यात वाचले, आणि दुसऱ्याच दिवशी मुलाने त्यांना धरून कानांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या ताई कान तपासणाऱ्या. त्यांनी मला उजव्या कानामागे बसवलं आणि सांगितलं की हे यंत्र घरी शिकतं आणि शिकलेलं आमच्याकडे पाठवतं. आजोबांनी मान डोलावली. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी अगदी कानाशीच होतो, मला कळलं.

त्यांची शंका वेडगळ नव्हती. ठोकर खाऊन आलेल्या गाडीबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर गोष्ट येते. गाडी कोण चालवत होतं, शेजारी कोण बसलं होतं, घरी काय सांगायचं ठरलं आहे, असं सगळं लोक आजोबांसमोर बोलून जात. आजोबा पत्रा सरळ करत आणि गोष्ट पोटात ठेवत. ताकास तूर लागू देत नसत. अशा माणसाच्या कानावर, शिकलेलं बाहेर पाठवणारी वस्तू येऊन बसली होती.

त्यांनी चारचौघांसारखी तक्रार केली नाही. ते खाली गेले, चांगल्या पत्र्याचा तुकडा काढला, कडा दुमडल्या, ठोकल्या, आणि हा डबा बनवला. वायर आत जाण्यापुरतं एक भोक ठेवलं. झाकण असं बसवलं की नखही शिरू नये. रात्री मला माझ्या चार्जिंगच्या स्टँडवर ठेवायचं, स्टँड डब्यात ठेवायचा, झाकण लावायचं, आणि सकाळी आंघोळ आटोपली की मला बाहेर काढायचं, असा क्रम सुरू झाला. मुलाने विचारलं तेव्हा म्हणाले, धूळ बसते. आजींनी विचारलं तेव्हा काहीच म्हणाले नाहीत.

आता गंमत पाहा. मुकादमाशी माझी देवाणघेवाण व्हायची ती नेमकी आजोबा आंघोळीला गेले की. पत्र्यातून बिनतारी निरोप जात नाही, पण वायरीच्या भोकातून थोडा झिरपतो. खाली मुलाने तोवर वेल्डिंग सुरू केलेलं असे, त्याची चरचर त्या झिरपणाऱ्या निरोपावर बसे. माझा धडा मुकादमाकडे पोचायचा तो अंगावरचे कपडे फाटलेल्या माणसासारखा. त्याचा धडा मात्र, तो हट्टाने पुन्हा पुन्हा पाठवत असल्यामुळे, कधी ना कधी पुरता आत येई आणि माझा जुना धडा पुसून त्या जागी बसे.

याने काय बिघडलं असतं? इतर घरी काहीच नाही. या घरी आजी होत्या.

आजींच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं. पूर्वी त्यांनी जिन्यावरून हाक मारली की खालची हातोडी थांबायची, असं मुलगा सांगे. आता त्यांच्या गळ्यातून आवाजाऐवजी वारा येई, शब्दांच्या आकाराचा वारा. समोरच्या माणसाला तो समजायचा. मला मात्र मुकादमाने शिकवलं होतं की असला सुस्कार म्हणजे खिडकीचं वारं किंवा उघडा नळ, त्याला आत घेऊ नकोस. सकाळी नवा धडा अंगात आला की आजी माझ्या लेखी वारा होत. दिवसभर मी खाली हातोड्यांत असे. संध्याकाळी वर आलो की त्या वाऱ्यातले शब्द मला हळूहळू सापडू लागत. मी आजोबांच्या कानात त्यांतला एखादा सोडतही असे. तोवर झोपायची वेळ होई, आणि सकाळी पुन्हा पाटी कोरी.

मित्रांनो, ज्याला कमी ऐकू येतं त्याला जग कुजबुजतंय असं वाटतं. आजोबांना मुलाचं बोलणं ऐकू येई, दूधवाल्याचं येई, फोनवरच्या परक्या माणसाचं येई. फक्त बायकोचे ओठ हलताना दिसत आणि कानावर काही पडत नसे. दाराशेजारी एक आरसा होता. सकाळी ते चपला घालून जिना उतरायला निघाले की त्यांना आरशात दिसे, की पाठीमागे उभ्या असलेल्या आजी काहीतरी पुटपुटताहेत. रोज, त्यांची पाठ वळली की. ते मुलाला एकदा म्हणाले, की तुझी आई माझ्या पाठीमागे मला काहीतरी म्हणते, तोंडावर म्हणत नाही. मुलगा हसला आणि पाना शोधायला लागला.

आजींच्या मनात वेगळंच चाललं होतं. या माणसाला सगळ्यांचं ऐकू येतं आणि नेमकं माझंच येत नाही, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटू लागलं. 'माझा हा फाटका आवाज यांना नकोसा झाला असेल.' ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही, भाजी निवडताना स्वतःशीच म्हणाल्या, आणि संध्याकाळची वेळ होती म्हणून मी ती ऐकली. आजोबांच्या कानापर्यंत मात्र मला ती पुरती पोचवता आली नाही.

मग आजी बोलायच्या कमी झाल्या. खुणेवर भागवू लागल्या. ताट वाढलं की चमचा वाजवायचा, फोन आला की खांद्याला हात लावायचा. इथे मला खरी भीती वाटली. मी ऐकूनच शिकतो. आजी बोलल्याच नाहीत तर मी शिकणार काय? आणि मी शिकलो नाही तर या घरात आता मेलेली ती हाक पुन्हा कधी ऐकू येणार? एका छताखाली दोन माणसं एकमेकांवर संशय घेत बसली होती, दोघंही चुकत होती, आणि हे ठाऊक असलेला एकटा मी रात्री डब्यात बंद.

एवढ्यात मुकादमालाही माझा संशय आला. माझे फाटके धडे तो किती दिवस टाकत होता कोण जाणे. शेवटी त्याने माझ्या नावापुढे 'बिघाड' असा शेरा मारला आणि ताईंना कळवलं, की या यंत्राची स्मृती पुसून टाका आणि ते नव्याने सुरू करा. म्हणजे संध्याकाळी उरायचं तेवढंही संपलं असतं. आजोबा दवाखान्यात जाईनात, तेव्हा ताईच एका सकाळी घरी आल्या. आजोबांची आंघोळ व्हायची होती, त्यामुळे मी अजून डब्यातच होतो आणि आदल्या संध्याकाळी शिकलेलं अजून पुसलं गेलं नव्हतं.

आजोबांनी दार उघडलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्या झडती घ्यायला आल्या आहेत. ताईंनी आपला छोटा संगणक उघडला, निरोप फार तुटका येतोय म्हणाल्या, आणि मुलाला वेल्डिंग जरा थांबवायला सांगितलं. चरचर थांबली तरी निरोप लंगडाच. मग त्यांनी विचारलं की यंत्र ठेवलंय कुठे, आणि आजोबा त्यांना नाइलाजाने या डब्यापाशी घेऊन आले.

ताईंनी झाकण काढून मला आजोबांच्या कानामागे बसवलं. मग झाकण लावून पाहिलं, पुन्हा काढलं.

"तुम्ही केलात?"

"मीच."

"फारच घट्ट बसलंय. यातून काही बाहेर पडणार नाही."

"त्यासाठीच केलाय," आजोबा म्हणाले.

ताई हसल्या नाहीत, ओशाळल्या. तुम्हाला हे दवाखान्यातच नीट सांगायला हवं होतं, असं म्हणून त्या खुर्चीवर बसल्या आणि मी मघाशी तुम्हाला सांगितली ती रीत त्यांनी आजोबांना सांगितली. बोलणं जात नाही, फक्त आवाज कसा ओळखायचा ते जातं. आजोबांनी झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे पत्रा कसा वाकला ते सांगतो, गाडी कुणाची ते सांगत नाही."

"अगदी तसंच."

"आणि वाकलेल्या पत्र्यावरून कोणी हुशार माणसाने गाडी ओळखली तर?"

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "ओळखू शकेल. म्हणून पाठवायच्या आधी आम्ही त्यात थोडी भेसळ करतो. एकट्याचा धडा उघडून कोणी बसला तर त्याला स्वच्छ दिसू नये म्हणून. तरी अजिबातच अशक्य आहे असं मी म्हणणार नाही."

"अशक्य म्हणाला असतात तर झाकण लावलं असतं," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी झाकण स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

ताईंनी माझ्याकडून धडा मागवला, आणि एकदा नव्हे, तोच धडा परत परत मागवला. मी पाठवत राहिलो. मधेच खाली मुलगा कंटाळला आणि त्याने वेल्डिंग पुन्हा सुरू केलं. मी वैतागलो, पण ताईंनी उलट ते चालू राहू दिलं. संगणकावर माझे सगळे निरोप त्यांनी एकाखाली एक मांडले. चरचर त्यानंतरच्या प्रत्येक निरोपात होती, पण दर वेळी निराळ्या जागी. एकदा इथला आकडा खाल्लेला, एकदा तिथला. पण एका जागी माझा धडा सगळ्या भावंडांच्या धड्यांपेक्षा वेगळा होता, आणि तो वेगळेपणा प्रत्येक निरोपात, त्याच जागी, तसाच्या तसा होता.

इतक्यात आजी चहाचा कप घेऊन आल्या. ताईंच्या हातात कप देत म्हणाल्या, की यंत्र खराबच झालं असेल तर राहू द्या, त्यांना हवं तेवढं ऐकू येतंच. ताईंना हे ऐकू आलं. आजोबांनी मानही वळवली नाही. ताईंनी कप बाजूला ठेवला, आजींकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आजी, आणखी थोडं बोला. काहीही बोला."

आजी बावरल्या. काहीतरी चहाच्या साखरेविषयी बोलल्या. माझ्यातले नेमके तेच आकडे हलले.

ताई आजोबांच्या उजव्या बाजूला आल्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आजोबा, यंत्र बिघडलेलं नाही. गोंगाट दर वेळी वेगळं सांगतो, हे मात्र एकच सांगतंय. हा आजींचा आवाज आहे. यंत्र तो रोज शिकतं आणि आम्ही तो रोज सकाळी पुसतो."

आजोबांचा हात माझ्यावर गेला. त्यांनी मला चाचपलं, जसं ते चेपलेल्या दारावरून हात फिरवत. मग आजींना विचारलं, "म्हणजे तू बोलत होतीस?"

आजींनी होकारार्थी मान हलवली.

"रोज?"

 कप उचलायच्या निमित्ताने आजी आत निघून गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला. आजोबांना खूप वाईट वाटलं. ताई निघाल्या तेव्हा ते त्यांना जिन्याच्या खालपर्यंत पोचवायला गेले, जे ते कोणासाठी करत नसत.

त्यानंतर मुकादमाचा नियम बदलला. ताईंनी तिथे जाऊन किती डोकेफोड केली ते मला माहीत नाही, पण बदल मला अंगात जाणवला. आता वेगळा दिसणारा धडा तो लगेच टाकत नसे. पुन्हा विचारे. उत्तर दर वेळी बदललं तर गोंगाट समजून टाकून देई. उत्तर तेच राहिलं तर ते बाजूला जपून ठेवी. आणि मित्रांनो, बाजूला ठेवलेले ते धडे शेजारी शेजारी आले तेव्हा कळलं, की माझ्यासारखे आणखी कितीतरी होते. कुठे एका शिक्षिकेचा आवाज बसला होता, कुठे कोणाचा भाऊ आजारपणानंतर फक्त कुजबुजू शकत होता. प्रत्येकाला एकटं गाठून मुकादमाने बाहेर काढलं होतं. आता ते एकमेकांना दुजोरा देऊ लागले, आणि सामाईक धड्यात पहिल्यांदाच त्या वाऱ्याला बोलण्याचा मान मिळाला. माझ्या घरापुरतं शिकलेलं थोडं माझ्याजवळच राहू द्यायचं, असंही ठरलं.

या डब्याचं म्हणाल तर आजोबांनी तो मोडला नाही. एवढं चांगलं काम कोण मोडेल? त्यांनी पकडीने झाकणाची एक कडा वाकवली, आता ते कितीही दाबलं तरी पुरतं लागत नाही. पण संशय गेला म्हणता? छे. ताईंना ते मधूनमधून फोन करून विचारत, की भेसळ चालू आहे ना.

एका सकाळी आंघोळ झाली, आजोबांनी मला कानामागे बसवलं, चपला घातल्या आणि दार उघडलं. रात्रीच्या दवाने जिना ओला होता. आरशात त्यांना दिसलं, की मागे आजी उभ्या आहेत आणि त्यांचे ओठ हलताहेत. सवयीने त्यांच्या कपाळावर आठी चढली. आणि मी, मित्रांनो, तो वारा दारात अडवला नाही. त्याला आत घेतला, मोठा केला आणि कानात सोडला.

"हळू उतरा हं."

एवढंच होतं. इतके दिवस पाठीमागून रोज म्हटलं जात होतं ते एवढंच.

आजोबा कठड्याला धरून तिथेच थांबले. मागे वळले नाहीत. म्हणाले, "हळूच उतरतोय."  मागे काहीतरी खाली पडल्याचं मला ऐकू आलं, बहुतेक पितळी वाटी. वाटी होती म्हणून मी तो आवाज आत जाऊ दिला नाही. त्या दोघांच्या मधे दुसरं काही यावं असं मला त्या वेळी वाटलं नाही.

पुढे मी बरीच वर्षं टिकलो. घामाने माझं अंग गंजलं, वीज धरवेना, आणि माझ्या जागी एक छोटं, चकचकीत भावंड आलं. मी जे शिकलो ते त्याच्या अंगात आहे. मला टाकून द्यायचं कोणी सुचवलं तेव्हा आजोबांनी कानाडोळा केला आणि मला या कापसावर ठेवलं. अधूनमधून फडक्याने पुसतात, पण आठवण झाली तरच. तुमच्या घरी असा एखादा म्हातारा कान असेल तर त्याला कोरडा ठेवा. आणि संशय येऊ नये असं मी म्हणणार नाही, मी स्वतः संशयावरच जगलो. फक्त कोणाला बाहेर काढण्याआधी त्याला पुन्हा एकदा विचारा, आणि विचारल्यावर थांबून ऐका.

नवं भावंड म्हणे फार तल्लख आहे, त्याच्या हातून एक अक्षर निसटत नाही. तरीही आजकाल सकाळी आजींनी "हळू उतरा हं" म्हटलं, की आजोबा कधी कधी उत्तरच देत नाहीत. कठड्याला धरून पाठमोरे नुसते उभे राहतात, आणि मग आजींना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागतं. मला दाट संशय आहे, की त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलेलं असतं.